हुकुमदार

गाडीचा आख मोडला, एवढंच झालं होतं. कापसाच्या तेजीचं ते तिसरं वर्ष. खोलापुरी दरवाज्यातून सकाळी गाड्या आत शिरायला लागत त्या दिवेलागणीपर्यंत शिरत राहत. त्यातलीच एक त्यांच्या दारापुढच्या खड्ड्यात कलली आणि तिचा आख कडाडून मोडला. माणसं धावली, बैल सोडले, गाडीवानाला चार शिव्या मिळाल्या, त्यानं पाच परत केल्या, आणि घटकाभरात गल्ली निवली. वच्छला मात्र निवली नाही. तो आवाज आणि त्यानंतरची शांतता यांच्या मधल्या फटीत तिनं जे पाहिलं होतं ते दुसऱ्या कुणीही पाहिलेलं नव्हतं. ते कुणाला सांगावं आणि सांगावं तर कोणत्या शब्दात, हे तिला भाकरी थापताना सुचलं नाही, माणिकला पाजताना सुचलं नाही, झोपलेल्या माणिकच्या नाकपुडीतून कापसाचं तूस चिमटीनं काढतानाही सुचलं नाही. पोरीचा श्वास नीट चालला होता. तिनं तो मोजला. पुन्हा मोजला.

अंगणात छातीइतका उंच कापसाचा ढीग होता. खेड्याखेड्यातून आणलेला कापूस चंद्रभान, तिचा नवरा, वखारीला घालण्याआधी घरातच रचून ठेवी, आणि त्याची राखण भासरे करत. भासरे म्हणजे चंद्रभानचा थोरला भाऊ, शेषराव. एलिचपूरच्या छावणीतल्या पलटणीत बारा वर्षं शिपाई होते. उत्तरेकडच्या मोहिमेवरून परत आले आणि वर्षभरातच त्यांचं नाव कापून त्यांना घरी बसवलं. ते घरी आले तेव्हा त्यांची बायको पटकीनं जाऊन दोन पावसाळे झालेले होते. बरोबर एक पेटी, लोखंडी शेंब्याची काठी आणि एक कुत्रा. आख मोडला तेव्हा ते ओट्याच्या कडेला दोर वळत होते. कुत्रा हातभर अंतरावर झोपलेला. आणि माणिक, दीड वर्षाची, नुकतीच धड चालायला लागलेली, पितळेचा लहान गडू दोन्ही हातात धरून कुत्र्याला पाणी पाजायला निघालेली. हा तिचा रोजचा खेळ. निम्मं पाणी वाटेत, निम्मं कुत्र्याच्या पाठीवर, आणि कुत्रा डोळे मिटून ते सोशी. तेवढ्यात कडाड् झालं. भासरे उठल्याचं वच्छलाला दिसलंच नाही, ते एकदम भिंतीला पाठ लावून उभे होते, काठी आडवी, आणि नेहमीप्रमाणे ओरडले, "हुकुमदार!" नेहमीप्रमाणे कुत्र्यानं त्यांच्या पायात असायला हवं होतं. खरं तर हाक पुरी होण्याआधीच असायला हवं होतं. कुत्रा झोपला होता. कान तसेच पडलेले, पोट संथ वर-खाली. "हुकुमदार!" भासरे दुसऱ्यांदा ओरडले, आणि काठीचं लोखंडी टोक हळूच फिरून, अंगणात जे एकच काही हलत होतं त्याच्याकडे वळलं. ती माणिक होती. वच्छला दारात, तोंडात पदराचं टोक. तिनं त्या वेळी भासऱ्यांचा चेहरा पहिल्यांदा पुरता पाहिला. त्यात राग नव्हता, ती रागाला भ्यालीही नसती. डोळे माणिककडे होते, पण तिथे माणिक नव्हती. तिथे दुसरंच काहीतरी त्यांच्याकडे चालत येत होतं. मग त्यांचा पाय थरथरायला लागला, आणि तो थरकाप ओट्याच्या मातीतून कुत्र्याच्या पोटाला पोचला असावा. कुत्रा उठला, भासऱ्यांच्या नडग्यांवर अंग आडवं टाकून त्यानं आपला सगळा भार दिला. काठी खाली आली. भासऱ्यांनी दोर उचलला. माणिकनं उरलेलं पाणी कुत्र्याच्या पाठीवर ओतलं.

लग्न होऊन ती या घरात आली त्याला चार वर्षं होत आली होती, आणि इतक्या दिवसात भासऱ्यांशी ती एक शब्द बोलली नव्हती. बोलायचं नसतंच. भासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं जायचं नाही, त्याच्या सावलीवर पाय द्यायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. त्यामुळे तिच्या लेखी ते पदराच्या धाग्यांमधून दिसणारे दोन पाय होते, दोर वळणारे दोन हात होते आणि एक खोकला होता. त्यापलीकडचे भासरे तिला कुत्र्यावरून कळत. कुत्रा अंग सैल सोडून पडला असला की समजावं, आज आतलं हवामान बरं आहे, वाढायला हरकत नाही. कुत्रा बसल्या बसल्या त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागला की ताट जरा लांबून सरकवावं आणि भांडं वाजू देऊ नये. त्यांची नजर कधीकधी समोरच्या भिंतीतून आरपार निघून जाई, घास हातात तसाच राही. अशा वेळी कुत्रा उठे, त्यांच्या रिकाम्या हाताखाली तोंड घाली आणि तो हात डोक्यानं वर उचली, एकदा, दोनदा, भासरे परत येईपर्यंत. परत आलेले भासरे घास तोंडात घालत आणि कोरड्यास थंड झालं म्हणून बोटभर बाजूला सारत. अंबादेवीच्या जत्रेत ती सासूच्या मागे चालली होती तेव्हाही तिनं पाहिलं होतं: भासरे पुढे, आणि कुत्रा त्यांच्या बरोबर मागे, उलटं तोंड करून पुन्हा पुन्हा थांबणारा, गर्दीतला एकही माणूस त्यांच्या पाठीला हात लागेल इतका जवळ न येऊ देणारा. भुंकला नाही, चावला नाही. नुसता मधे उभा राहिला. दुपारी भासरे झोपेत कण्हायला लागत, दात करकरत, तेव्हा घरातल्या कुणाची उठवायची छाती नव्हती. कुत्रा त्यांचे तळपाय चाटत राही, सावकाश, जाग येईपर्यंत, आणि जाग आली की लगेच लांब जाऊन बसे. जसं काही त्यानं केलंच नाही. घरच्या बाईनं हे एवढं केलं असतं तर दिवसातून दहादा बोलून दाखवलं असतं, असं वच्छलाला वाटे. आणि रोज संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी, दोघं मिळून घराला एक फेरी घालत: विहीर, गोठा, कापूस, मागचं दार. फेरी संपली की भासरे ओट्याशी उभे राहून कुणालाच उद्देशून न बोलता एक शब्द म्हणत, "आलबेल." तो ऐकल्याशिवाय वच्छला दिव्याला काडी लावत नसे.

माणिक झाल्यापासून तर ती कुत्र्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहायला लागली होती. तिला स्वतःला धड झोप नव्हती. विहिरीवर झाकण आहे ना. सरकीचा दाणा पोरीनं तोंडात नाही ना घातला. कापसाच्या ढिगात शिरली तर गुदमरेल, आवाजसुद्धा होणार नाही. झोपेतही तिचा एक कान उघडा असे, आणि त्या उघड्या कानानं तिला कळे की घरात आणखी एक जीव असाच निजतो आहे. सासू म्हणे, "एवढं काय पाहून राहते वं पोट्टीकडे? तुया नजरेनंच झुरन थे." तेव्हा वच्छला कुत्र्याकडे पाही. तोही पाहतच असे. त्याला कुणी बोलत नव्हतं. चंद्रभान सांगे, सातासमुद्रापार गोरे गोऱ्यांशीच लढून राहिले आहेत, तिथला कापूस अडकला म्हणून इथल्या कापसाला भाव आला. तिच्या मनात येई, तिथले शिपाईही घरी जात असतील. त्यांच्याही अंगणात काहीतरी कडाड् करून मोडत असेल. त्यांच्या नडग्यांवर कोण भार टाकत असेल?

दुसऱ्या दिवशी भासरे विहिरीवर अंघोळीला गेले आणि कुत्रा त्यांच्या कपड्यांशी बसला, तेव्हा ती मागून गेली. आधी टाळी वाजवली, हलकी. मग चुटकी. मग भासऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून रहाट करकरेपर्यंत थांबून, मन घट्ट करून, तिनं गोठ्याच्या दगडावर बत्ता आपटला. गाईनं मान उडवली. कुत्रा विहिरीकडे पाहत होता तसाच पाहत राहिला. राखट झालेला जबडा पंज्यांवर. पण भासऱ्यांच्या हातून दोर जरासा सुटला, नुसता सुटला, आवाजही झाला नव्हता, तर कुत्रा उभा. म्हणजे डोळे होते. नाक होतं. कान गेले होते. ज्याची हाक होती त्याला आता हाक ऐकू जात नव्हती, आणि हे घरात एकट्या तिला ठाऊक होतं. ज्यांना सांगायला हवं त्यांच्याशी तिला बोलता येत नव्हतं.

"आत्याबाई," तिनं सासूला म्हटलं, "हुकुमदाराचे कान गेले."

पार्बताबाई डाळ पाखडत होत्या. "कुत्र्याचे कान कायले पाहून राहिली? पोट्टीचं नाक पूस आधी."

"नाई जी, खरंच. मी मागून बत्ता आपटला. हालला नाई."

"शाना हाये थो. तुयासारखा दचकत नाई उठल्यासुटल्या." मग सूप खाली ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "काहून वं? काय झालं?"

तिनं सांगितलं. आख, काठी, काठीचं टोक, माणिक. पार्बताबाईंनी डाळीतला एक खडा उचलला, पाहिला आणि फेकून दिला. "माया पोरगा हाये थो," त्या म्हणाल्या. एवढंच. हे भासऱ्यांच्या बाजूनं म्हटलं की स्वतःची समजूत घालायला, ते वच्छलाला कळलं नाही. रात्री चंद्रभानला कळलं तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं. पलटणीतले भासऱ्यांचे जोडीदार नत्थुजी हल्ली अकोल्याच्या एका वखारीवर राखणदार होते. ते गाड्या घेऊन आले होते आणि चार दिवसांनी परत निघणार होते. वच्छलाचं माहेर अकोल्याला, मोर्णेच्या काठी. "जा दोन-तीन महिने त्यायच्या गाडीनं. गरमी सरू दे." गरमीबरोबर काय सरणार होतं ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. तिनं गाठोडं बांधायला घेतलं. माणिकचं झबलं, टोपडं, बाळंतशेपा, दृष्ट काढायच्या मिरच्या. मनाशी एकीकडे सुटल्यासारखं वाटत होतं, आणि दुसरीकडे दर संध्याकाळी आलबेल ऐकलं की बांधलेलं गाठोडं कुणीतरी पाहील अशी लाज वाटत होती.

नत्थुजी जेवायला आले. मोठा बोलका माणूस, मिशा पांढऱ्या, पुढचे दोन दात नाहीत. पार्बताबाई वाढायला निघाल्या तर कुत्रा वाटेत. "हुकुमदारा, सरक मेल्या तिकडे!" त्या म्हणाल्या, आणि नत्थुजींना हसू फुटलं ते ठसका लागेपर्यंत. पाणी प्याले, डोळे पुसले. "काय म्हनलं मावशी तुमी त्याले?"

"हुकुमदार. नाव हाये त्याचं."

"नाव?"

"मंग? शेषराव हाक मारते ना. हुकुमदार म्हनलं का येते थो पळत."

नत्थुजींनी शेषरावांकडे पाहिलं. शेषराव भाकरी कुस्करत होते; ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "मी नावच नाई ठेवलं त्याले," ते म्हणाले. "यायनंच ठेवलं."

"मावशी, थे गोऱ्या सायबाची बोली हाये," नत्थुजी म्हणाले. "पहाऱ्यावरच्या शिपायानं इचाराचं असते, कोन येऊन राहिलं तिकून. सायेब काय बोले थे त्यालेच मालूम. आमच्या तोंडात बसलं हुकुमदार."

"मंग चार साल झाले, मी या कुत्र्याले काय म्हनून राहिली?"

"कोन हाये, कोन हाये म्हनून राहिल्या!"

सगळे हसले, दाराआड वच्छलाही पदरात हसली. माणिक सुद्धा, सगळे हसतात म्हणून, "हुकू! हुकू!" करत हात नाचवायला लागली. तिला येणाऱ्या चार शब्दांपैकी तो एक होता. "त्याले जवाब द्या लागते," नत्थुजी जरा निवून म्हणाले, "फरेन म्हनून. म्हंजे मी आपलाच हाओ, दुश्मन नाई. मंग पहारेवाला म्हनते, पास फरेन, म्हंजे जाय, आलबेल. आन् जवाब नाई आला त पुन्हा इचाराचं. तीनदा. तीनदा इचारून बी चुप राह्यला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि ताकाची वाटी तोंडाला लावली. दाराआडचं हसू कुठल्या कुठे गेलं. अंगणात दोनदा विचारून झालं होतं.

जेवणं झाली, भासरे बैलांना पाण्यावर घेऊन गेले, कुत्रा मागोमाग, आणि मग नत्थुजींनी पार्बताबाईंना आवाज उतरवून सांगितलं ते वच्छलानं दाराच्या लाकडाला गाल लावून ऐकलं. उत्तरेतला वैशाख. तापल्या वाऱ्याची लू अशी की माणसं उभ्याउभ्या पडत. भर दुपारी धुळीची आंधी आली, हाताला हात दिसेना. शेषराव नाक्यावर पहाऱ्याला. धुळीतून एक आकार येताना दिसला, खांद्यावर काहीतरी वाकडंतिकडं. शेषरावांनी तीनदा विचारलं. तीनदाही जबाब नाही. "गोळी घातली. कायद्यानं बराबर होतं, सायबानं पाठ थोपटली त्याची. आंधी गेली तवा पाह्यलं, आमचाच भिस्ती होता, मावशी. पखाल घेऊन येऊन राहिला होता. यालेच पाणी पाजाले. तोफाईनं त्याचे कान गेलते पंधरा दिस आधी. कुत्रं होतं त्याचं, थेच त्याचे कान. त्या दिसी ऊन लय म्हनून बांधून आलता." पार्बताबाईंनी ताकाची रिकामी वाटी ओढून घेतली. "थे कुत्रं दुसऱ्या दिसी शेषरावच्या तंबूपुढे येऊन बसलं. आमी म्हनलं, आता फाडते याले. थे बसूनच राह्यलं. तिसऱ्या दिसी हा पहाऱ्यावर ओरडला हुकुमदार, समोर कोनीच नाई, अन् ओरडून राहिला. तवा थे उठलं न् याच्या पायाले टेकलं. तवापासून थे जवाब देऊन राहिलं."

वच्छलाच्या गालावर दाराच्या लाकडाचे वळ उठले होते. कुत्रा का आला असेल, याचा विचार ती दिवसभर करत राहिली. त्याला वास आला नसेल? बारुदीचा, धन्याच्या रक्ताचा? आलाच असेल. तो वास असलेल्या माणसाशी जाऊन टेकायचं, हे कुठून सुचलं असेल? कदाचित त्याला एवढंच दिसलं असेल की इथे एका माणसाला काही ऐकू येत नाहीसं झालं आहे, आणि हे काम आपल्याला येतं. माणसानं यातून क्षमा वगैरे काढली असती, चार लोकांत सांगितली असती. कुत्र्यानं फक्त काम उचललं. आणि आता त्याचेच कान गेले. संध्याकाळी ती मागच्या दाराशी भांडी घासत होती तेव्हा गोठ्याच्या भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं तिला ऐकू आलं.

"तुयं कुत्रं म्हातारं झालं शेषराव."

"कान गेले त्याचे. दिवाईपासून." भासऱ्यांचा आवाज शांत होता. "समोरून जातो मी त्याच्याकडे. मांगून गेलं त दचकते." मग, "धाकटीले घेऊन चालला म्हनते तू अकोल्याले."

"चंद्रभान म्हनून राहिला."

"तिले नको नेऊ. मले ने. वखारीवर एखादं काम पाह्य."

"काहून?"

"तवा समोर कोन हाये थे मले दिसत नाई, नत्थुजी. परवा पोट्टी होती. मांगून कळलं मले. तिचं घर हाये, थे काहून जाईन? जो गोळी घालते त्यानं जाव."

"कुत्र्याचं काय?"

"त्याले गाडीत इतकं दूर झेपन का नाई, मालूम नाई. पोट्टी पाणी पाजते त्याले. राहू दे अथी."

तिच्या हातातली राख ओली होऊन बोटांमधून गळत होती. तिला हवं होतं तेच झालं होतं. पोर घरात राहणार होती, काठी घराबाहेर जाणार होती. चंद्रभानला बरं वाटलं, पार्बताबाई रडल्या. बांधलेलं गाठोडं तिनं सोडलं, आणि त्याच जागी दुसऱ्या दिवशी भासऱ्यांचं गाठोडं आलं: दोन धोतरं, एक घोंगडी. ती ते पाहायचं टाळत होती. अकोल्याच्या वखारीवर, हजार गाड्यांच्या खडखडाटात ते ओरडतील, आणि कुणी जबाब देणार नाही. तिथे लोक त्यांना वेडा म्हणतील, दगड मारतील. आणि इथे कुत्रा संध्याकाळी एकटा फेरी घालील, विहीर, गोठा, कापूस, मागचं दार, आणि ओट्याशी येऊन कुणाच्या तरी शब्दाची वाट पाहील, जो त्याला ऐकूही येणार नाही. आपण पोरीला वाचवलं, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं. वाक्य बरोबर होतं. मन त्यावर टेकत नव्हतं.

होळी होऊन आठ दिवस झाले होते. ऊन कलल्यावर गाड्या निघणार होत्या. दुपारी वारा सुटला, आधी गल्लीत, मग भिंतीवरून अंगणात, धूळ आणि धुळीत ढिगावरचा सुटा कापूस, पांढरं आणि मातकट एकात एक गरगरत, पाहता पाहता अंगणातलं निंबाचं झाडही दिसेना. वच्छला माणिकला घ्यायला वळली तर माणिक ओसरीत नव्हती. तेवढ्यात दाराची मोठी फळी वाऱ्यानं सुटली आणि भिंतीवर धाडकन आपटली.

"हुकुमदार!"

धूळ जराशी विरळ झाली आणि तिला दिसलं. भासरे ओट्याला पाठ लावून, काठी आडवी. कुत्रा ढिगाच्या पलीकडे, आडोशाला झोपलेला. तिथे ना थरकाप पोचत होता, ना त्याला काही दिसत होतं. आणि मधे, त्या वावटळीत, दोन्ही हातांत गडू धरून माणिक. तिनं ती हाक ऐकली. तिला ती ओळखीची होती, सगळ्यात ओळखीची. मोठेबाबा हुकूला बोलावून राहिले. "हुकू!" ती हरखून म्हणाली, आणि हाकेच्या दिशेनं, पाणी सांडत, चालायला लागली.

"हुकुमदार!"

दुसरी. काठी वळली. वच्छलाचे पाय पळायला निघाले आणि तिनंच ते रोवून धरले: पळालीस तर धुळीतून पळत येणारा आणखी एक आकार होशील तू. कुत्र्याला हाक मारून उपयोग नाही. सासू आत. चंद्रभान बाजारात. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेत किती अंतर असतं? पलटणीत ठरवून दिलेलं असणार, श्वासाइतकं, दोन श्वासांइतकं. तिच्या तोंडात पदराचं टोक होतं, चार वर्षं या अंगणात होतं तसंच. ते तिनं थुंकून टाकलं.

"फरेन!"

स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही, फाटका, पुरुषी. काठी थांबली नाही. भासऱ्यांची छाती तिसऱ्या हाकेसाठी भरून येत होती. ती एक पाऊल पुढे झाली, डोकं उघडं, केसांत कापूस, आणि त्यांच्या डोळ्यांत सरळ पाहत, त्या डोळ्यांत जो कोण पखाल घेऊन येत होता त्याच्या वतीनं, त्याला जे जमलं नव्हतं ते ओरडली, "फरेन! फरेन हाओ जी! आपलंच मानूस!"

भरलेली छाती तशीच राहिली. मग ती हळूहळू रिकामी झाली. काठीचं टोक जमिनीला टेकलं, त्याचा ठक् असा आवाज झाला. भासऱ्यांचे ओठ हलत होते. बारा वर्षांच्या पहाऱ्यात शेकडो वेळा म्हटलेला आणि एकदाच म्हणायचा राहिलेला तो शब्द घशातून वर यायला वेळ घेत होता.

"पास," ते म्हणाले. "पास फरेन."

माणिक त्यांच्यापर्यंत पोचली होती. हुकू नव्हता म्हणून तिनं जरा विचार केला, आणि गडूत उरलेलं घोटभर पाणी त्यांच्या पायांवर ओतलं. भासऱ्यांनी पायाकडे पाहिलं. मग ते खाली बसले आणि ओल्या मातीवर हाताचा पंजा टेकून तिकडे पाहत राहिले. ढिगामागून कुत्रा आला. त्याला काहीच ऐकू गेलेलं नव्हतं. जाग आली आणि धनी दिसला नाही, एवढंच. तो घाईनं आला, भासऱ्यांना हुंगलं, पोरीला हुंगलं, वच्छलाच्या हाताला थंड नाक लावलं, आणि काम झालेलं पाहून तिघांकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसला.

पार्बताबाई ओसरीत आल्या. त्यांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. ओट्यावरचं गाठोडं उचललं आणि काखेत मारलं. "नत्थुजीले सांगतो," त्या म्हणाल्या, "गाडीत जागा नाई म्हना." मग सुनेच्या उघड्या डोक्याकडे नजर गेली, आणि सवयीनं तोंडून निघालं, "पदर घे वं..."

वारा पडला होता. कापसाचे पुंजके खाली उतरत होते, कुत्र्याच्या पाठीवर, काठीवर. भासऱ्यांनी मान वर केली नाही. तिच्याकडे न पाहता, पण या खेपेला नेमकं तिलाच उद्देशून ते म्हणाले, "आलबेल."

वच्छलाचा एक हात माणिकला धरून होता. दुसरा कुत्र्याच्या बहिऱ्या कानावर. पदर घ्यायला तिच्याकडे हातच उरला नव्हता.